पीयूसीसाठी गाडी दिली आणि कॅटकॉन गेला

जुनी पेट्रोल गाडी, तिच्यात आधीच्या मालकाने केलेले काही बदल आणि नापास झालेलं पीयूसी. एवढं जमून आलं की पुण्यात तुम्हाला गंडवायला फार हुशार माणूस लागत नाही. मला गंडवणारा मात्र हुशार होता, म्हणून आकड्यांसकट लिहितो. त्याची सगळी चलाखी त्या आकड्यांतच आहे.

गाडी मारुतीची जिप्सी, १.३ लिटर एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारी), २००७ची, पुण्याचंच पासिंग, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-३ नियमांतली. पहिल्या मालकाला किल्ले आणि घाटवाटांचं वेड होतं. त्याने मोठे टायर, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर आणि चारही सिलिंडरचा धूर एका पाइपात आणणारा हेडर बसवला होता. २०२२ साली गाडीला पंधरा वर्षं भरत होती आणि आरसीचं नूतनीकरण करायचं होतं. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून त्याची फी सहाशेवरून थेट पाच हजार झाली होती आणि उशीर झाला तर महिन्याला पाचशे दंड वेगळा. त्यामुळे घाई होती, आणि ही घाई गॅरेजवाल्याला आपल्या आधी कळते.

पीयूसीत आकडे आले सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.१ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) ४२० पीपीएम. या गाडीला मर्यादा सीओला ०.५ आणि एचसीला ७५०. म्हणजे एचसीत चांगली पास, सीओत नापास. इथेच थोडं थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं बिल यावर उभं आहे. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. प्लग, कॉइल, लीड खराब असून एखादा सिलिंडर मिस होत असेल तर हा आकडा चढतो. सीओ चढतो तो हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात असेल तर, मिस्त्री लोक म्हणतात तसं गाडी ‘रिच’ चालत असेल तर. एचसी ठीक आणि सीओ जास्त असेल तर ठिणगी मारण्याच्या भागांवर पैसे घालवायचं कारणच नाही.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला मॉडिफाइड गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज आहे. मालक बोलायला लाघवी. “साहेब, अशी गाडी आरटीओत नेली तर जप्तच करतात. पण तुम्ही काळजीच करू नका, आपली ओळख आहे.” (जप्तीची भीती घालायची आणि लगेच ओळख सांगायची, ही जोडी ऐकू आली की किल्ली खिशातच ठेवावी.) हेडर आणि टायर बघून त्याने मान डोलावली आणि गाडी ठेवून घेतली.

बिल असं झालं. कॉइल, प्लग आणि लीड मिळून ६,२००. इंजेक्टर क्लीनिंग २,८००. कूलिंग सिस्टीम सर्व्हिस १,९००. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याचं ट्यूनिंग ६,०००. कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या पाइपातला डबा, बदलला १४,५००. एकूण ३१,४००, वहीच्या कागदावर लिहिलेलं कच्चं बिल. पक्कं मागितलं तर “जीएसटी कशाला भरताय साहेब, तुमचेच पैसे वाचवतोय.”

कॅटकॉन ‘चोक’ झाला होता म्हणे. कॅटकॉन खरंच चोक झाला की इंजिनाचा श्वासच कोंडतो, चढाला गाडी मरते. माझी जिप्सी त्याच आठवड्यात कात्रजचा जुना घाट तक्रार न करता चढली होती. जुना पार्ट दाखव म्हटलं, तर “तो भंगारात गेला. त्याचं काय लोणचं घालणार साहेब?” लोणचं कुणीच घालत नाही. कॅटकॉनच्या आतल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम या धातूंचा थर असतो आणि त्या काळात रोडियम सोन्याच्या कित्येक पट महाग होतं. जुना कॅटकॉन विकत घेणारे भंगारवाले त्याच्यासाठी टपून असतात.

माझी शंका मिटवायला त्याने स्वतःच्या मशीनवर टेस्ट करून दाखवली आणि चिठ्ठी छापून दिली, वर तिचा फोटोही व्हॉट्सॲपला पाठवला. सीओ ०.४१, एचसी ९२. खाली आणखी दोन आकडे होते, कार्बन डायऑक्साइड १.८ आणि ऑक्सिजन १८.२. वरचे दोन आकडे बोटाने दाखवून तो म्हणाला, “झाली की नाही नव्यासारखी?” मशीनची नळी सायलेन्सरच्या तोंडात जेमतेम चार बोटं गेली होती आणि बाजूने फडकं कोंबलं होतं.

त्या चिठ्ठीच्या भरवशावर पीयूसी सेंटरला गेलो. सीओ २.८, एचसी ६९०. एकतीस हजार खर्चून गाडी आधीपेक्षा बिघडली होती. गॅरेजवाल्याला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं, “तिथलं मशीन कॅलिब्रेट नाहीये. दोन हजार द्या, मी मॅनेज करून देतो.” नाही म्हटलं.

माझा भाचा चाकणला इंजिन टेस्टिंगमध्ये आहे. त्याने चिठ्ठी पाहिली आणि हसलाच. “मामा, हे इंजिनाचं नाही, हवेचं रीडिंग आहे.” आपण श्वास घेतो त्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो. पेट्रोल इंजिन गरम होऊन नीट चालत असेल तर धुरात ऑक्सिजन एखाद-दोन टक्के उरतो आणि कार्बन डायऑक्साइड १३ ते १५च्या घरात असतो. चिठ्ठीवर ऑक्सिजन १८ असेल तर नळीत धुराबरोबर बाहेरची हवा शिरली आहे. टेस्टला नळी पाइपात किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर आत जायला हवी. मग त्याने पेन काढून चिठ्ठीवरचे आकडे साताने गुणले. सीओ २.८७, एचसी ६४४, कार्बन डायऑक्साइड १२.६. पहिले दोन आकडे पीयूसी सेंटरच्या आकड्यांना येऊन भिडले. ज्या मशीनला नावं ठेवली, तेच खरं बोलत होतं.

खरा दोष शोधला तो नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. रात्रभर उभी असलेली गाडी त्यांनी सुरू करायला लावली आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवून उभे राहिले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि व्हॉल्व्ह उघडला की एकदम तापतो. आमचा पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला आणि कोमटच राहिला. “आत थर्मोस्टॅट नाहीच आहे हो,” मिस्त्री म्हणाले. झाकण खोललं तर जागा रिकामी आणि कडेला ताजी सिलिकॉन. कूलिंग सिस्टीम सर्व्हिस ती हीच.

थर्मोस्टॅट काढून टाकायची खोड आपल्याकडे जुनीच आहे, ‘गाडी तापत नाही’ म्हणून लोक वर कौतुकही करतात. पण इंजिन गार राहिलं की ईसीएमला वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली आहे, आणि ते पेट्रोल वाढवूनच ठेवतं. स्कॅनर लावला तरी एरर दिसत नाही, कारण टेंपरेचर सेन्सर खोटं बोलतच नसतो. इंजिन खरोखरच गार असतं.

दुसरा दोष हेडर इंजिनाला जोडतो त्या सांध्यातल्या (फ्लँजच्या) गॅस्केटला. गार गाडी सुरू करताना टिक टिक आवाज यायचा आणि फ्लँजच्या कडेला काजळीचा पट्टा उमटला होता. ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच अशी फट असली की तिथून हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात हवा जास्त आहे, आणि ईसीएम आणखी पेट्रोल सोडतं. पहिल्या टेस्टमधला १.१चा सीओ माझ्या मते एवढ्यानेच आला होता. म्हणजे मुळात काम गॅस्केटचं, फार तर हजार-पंधराशेचं.

शेवटी गाडी रॅम्पवर घेतली. ‘नवा’ कॅटकॉन चंदेरी रंगाने चकचकीत होता. मिस्त्रींनी पान्याने टकटक केलं तर डबा रिकामा वाजला. खोलून एका बाजूने टॉर्च धरला, तर दुसऱ्या बाजूने उजेड सरळ डोळ्यावर आला. आत जाळी नव्हतीच. चौदा हजार पाचशे रुपयांचा पत्र्याचा डबा.

थर्मोस्टॅट घातला, फ्लँज घासून नवं गॅस्केट लावलं, तेवढ्यावर सीओ ०.७ला आला. मारुतीच्याच १.३ इंजिनाचा नवा कॅटकॉन बसवल्यावर ०.१२. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, म्हणून इन्स्पेक्शनआधी टायर आणि फिल्टर मूळचे करून घेतले. आरसी वाढवून मिळाली. जप्तीबिप्ती काही नाही.

तुमच्यापैकी कुणाची गाडी अशा कामाला जाणार असेल तर देण्याआधी खाली वाकून कॅटकॉनचे फोटो काढा, वेल्डिंग आणि गंज दिसेल असे. जुना पार्ट डिकीत ठेवायला आधीच सांगा आणि तसा मेसेजही पाठवून ठेवा. टेस्ट दाखवली तर चारही आकडे बघा आणि नळी किती आत गेली ते स्वतः बघा.

पैशांचं म्हणाल तर कच्च्या बिलाचा फायदा गॅरेजवाल्याने पुरेपूर घ्यायचा प्रयत्न केला, “मी ते काम केलंच नाही” इथपर्यंत गेला. उपयोगी पडली ती यूपीआयची नोंद आणि त्यानेच व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती चिठ्ठी. ग्राहक संरक्षण कायद्यात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग आयोगात जाणार असल्याची नोटीस पाठवली. त्यानंतर ‘साहेब’चं ‘दादा’ झालं आणि अठरा हजार परत आले. मूळ कॅटकॉन मात्र त्याच्या म्हणण्याप्रमाणे आजही भंगारातच आहे.