तिसरी विमानवाहू नौका आधी, की पाणबुड्या?

हा वाद नवा नाही. २०२० मध्ये तत्कालीन संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तिसऱ्या विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना झुकतं माप दिलं. नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंह यांचा कौल मात्र विमानवाहू नौकेला होता. आपलं मत बनवताना ‘दोघांत भारी कोण’ हा प्रश्न सोडून द्या, कारण दोघींची कामंच वेगळी आहेत.

विमानवाहू नौका समुद्राचा एक पट्टा ताब्यात ठेवते. पाणबुडी ताबा घेत नाही, तिथे शिरणाऱ्याला धास्ती घालते. १९७१ मध्ये दोन्ही गोष्टी दिसल्या. जुन्या ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेले होते, वेग बेताचाच होता, तरी तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार झोडपून काढलं. त्याच युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या एकट्या पाकिस्तानी पाणबुडीने आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाकिस्तान चीनकडून ज्या आठ पाणबुड्या घेतो आहे, त्या वर्गाचं नावही ‘हंगोर’च आहे. उगाच नाही.

आता अंतराचं गणित, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. मुंबई ते सिंगापूर साधारण २,४०० सागरी मैल. डिझेल-विद्युत पाणबुडी ८ नॉटने, म्हणजे तासाला ८ सागरी मैलांनी निघाली तर जायलाच साडेबारा दिवस लागतात, यायला तेवढेच. ४५ दिवसांची मोहीम धरली तर मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी दबा धरायला उरतात वीस दिवस. शिवाय वाटेत बॅटरी चार्ज करायला स्नॉर्केल (हवा ओढणारी नळी) पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिन चालवावं लागतं, आणि शत्रूचं गस्ती विमान नेमकी त्याच वेळेची वाट पाहत असतं. अणुपाणबुडी २० नॉटने पाच दिवसांत पोचते, वर न येता. तिची मर्यादा इंधन नाही, शिधा आणि माणसांचा दम. विमानवाहू नौका १६ नॉटने सव्वासहा दिवसांत पोचेल, पण ती निघाल्याचं उपग्रहांना पहिल्याच दिवशी कळलेलं असेल.

अरबी समुद्रात मात्र हेच गणित उलटतं. कराची मुंबईपासून जेमतेम ५०० मैलांवर आणि किनाऱ्यालगत पाणी उथळ. तिथे जेमतेम १,६०० टनांची डिझेल-विद्युत ‘कलवरी’ अणुपाणबुडीपेक्षा सोयीची. त्यामुळे ‘पाणबुड्या घ्या’ एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या समुद्रासाठी, ते आधी सांगावं लागतं. अंबरनाथच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बनवलेली इंधनघटाची यंत्रणा ‘कलवरी’ वर्गात बसवायची आहे. त्यासाठी पाणबुडी मधोमध कापून नवा भाग जोडावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. ही यंत्रणा वेग वाढवत नाही. संथ गतीने पाण्याखाली राहण्याचे दिवस तेवढे वाढवते.

पैशांकडे बघताना फसगत होते ती नुसत्या जहाजाची किंमत धरल्यामुळे. नवी ‘विक्रांत’ सुमारे २०,००० कोटींची. लांबी २६२ मीटर, वजन साधारण ४५,००० टन. पण एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल घेतली ती सुमारे ६३,००० कोटींना. त्यात शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल आलं हे खरं, तरी विमानांचा खर्च जहाजाच्या तिप्पट झाला. सोबतच्या विनाशिका आणि तेलवाहू जहाज वेगळेच. दुसऱ्या बाजूला, ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळालेल्या दोन अणुपाणबुड्यांचा आकडा ४०,००० कोटींच्या घरात सांगितला गेला. २०२५-२६ मध्ये तिन्ही दलांची मिळून भांडवली तरतूद १.८० लाख कोटी होती. हे खर्च दहा-बारा वर्षांत विभागले जातात, पण दोन मोठे प्रकल्प एकाच वेळी ऐन भरात आले की हप्ते अंगावर येतात.

विमानवाहू नौकेचं घोडं बहुतेक वेळा डेकवर अडतं. कॅगच्या २०१६ च्या अहवालानुसार मिग-२९के विमानांची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के होती. जहाज उत्तम आणि विमानं हँगरात, तर मग ते महागडं हेलिकॉप्टरवाहू जहाज. दुसरं म्हणजे पुढच्या टोकाला वर वळलेला डेक, म्हणजेच स्की-जंप: त्यावरून पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रभार घेऊन उडता येत नाही, टेहळणीचं मोठं विमान तर नाहीच, ते काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरवर भागवावं लागतं. चीनची विमानवाहू नौका ‘फूच्येन’ मात्र विमानाला जोराने पुढे फेकणारं विद्युतचुंबकीय कॅटापल्ट घेऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये सेवेत आली. तिसरी नौका ‘विक्रांत’चीच प्रत असेल तर या मर्यादाही तिच्यासोबत येतील. आणि तीन का? एक समुद्रावर, एक सरावात, एक मोठ्या दुरुस्तीत. दोनच असल्या की अधूनमधून एकच उरते.

पाणबुड्यांचं दुखणं निराळं. ‘कलवरी’साठी निवडलेल्या ब्लॅक शार्क पाणतीरांचा (टॉर्पेडोंचा) व्यवहार रद्द झाला आणि नव्याकोऱ्या पाणबुड्या जुने पाणतीर घेऊन सेवेत गेल्या. त्याहून वाईट म्हणजे खंड. माझगावात बांधलेली ‘शंकुल’ १९९४ मध्ये सेवेत आली, पुढचा करार २००५ मध्ये झाला. पाणबुडीच्या दाबसह कवचाचा प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासतात. असं वेल्डिंग करणारा कारागीर काम नसलं की दुसरीकडे जातो आणि नव्याला तयार करायला वर्षं लागतात. पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये सेवेत आली, सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. पुढच्या सहांसाठी जर्मन भागीदारासोबतच्या वाटाघाटी सुरू व्हायलाच २०२५ उजाडलं.

म्हणून क्रम असा लावावा: आधी माझगावला पाणबुड्यांची पुढची ऑर्डर, कारण तिथला खंड सर्वांत महाग पडतो, सोबत विशाखापट्टणमच्या अणुपाणबुड्यांचा पैसा कुठल्याही वर्षी न कापणं. तिसऱ्या नौकेची फाईल त्यानंतर, आणि तीही डेकवरच्या विमानांचा आकडा व तारीख लिहिलेली असेल तरच उघडावी. फक्त ‘विक्रांत’ बांधणारी कोचीची गोदी तोवर रिकामी बसणार असेल, तर हा क्रम पुन्हा मांडावा लागेल.