लोखंडी कामाला पावडर कोटिंग की ऑइल पेंट?

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर फवारून भट्टीत भाजणे. ते असो वा ऑइल पेंट, दोन्हींत खरी मेहनत सफाईची. तेल किंवा गंज राहिला, की कुठलाही थर सुटतो.

टिकाऊपणात पावडर सरस. एकाच हातात ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसतो, ओघळ येत नाहीत. पण भट्टीची हवा तापून भागत नाही. धातू स्वतः साधारण १८०-२०० अंश सेल्सियसला दहा मिनिटे राहायला हवा. कच्चा भाजलेला थर टवके होऊन उडतो. आतल्या कोपऱ्यांत पावडर नीट शिरत नाही, गंज तिथूनच धरतो. उन्हातल्या कामाला पॉलिएस्टर पावडर घ्या, इपॉक्सी पांढुरकी पडते.

ऑइल पेंटला दोन-तीन हात आणि वाळवण. ओरखडा मात्र ब्रशने बुजतो.

सुटे, रोज हाताळले जाणारे भाग पावडरला द्या. भिंतीत बसलेले ग्रिल, जागेवरचे वेल्डिंग, रबर जोडलेले भाग यांना ऑइल पेंटच.