अकरा महिने, १८,२०० किलोमीटर आणि माडाच्या मुळातलं अर्थिंग

इलेक्ट्रिक गाडी बुक करण्याआधी मी दोन महिने अभ्यास केला होता. बॅटरी किती युनिटची, शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत, डिकीत किती बॅगा मावतात, सगळं पाठ. शोरूममधल्या पोराला शंभर प्रश्न विचारले असतील. त्यातला एकही माझ्या घराबद्दल नव्हता. तो प्रश्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गाडीनंच मला विचारला. ते पुढे सांगतो.

मी गोव्यात फोंड्याला राहतो आणि कामाला वेर्णा औद्योगिक वसाहतीत जातो. बोरीच्या पुलावरून जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, महिन्याचे चोवीस-पंचवीस दिवस. २०२४च्या नोव्हेंबरात जुनी डिझेल विकली आणि ही इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, पन्नास युनिटच्या आसपासची. गाडीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की निम्मे वाचक कंपनीची बाजू घेतात, निम्मे तिला झोडपतात आणि गाडी बाजूला राहते.

आधी पैसे, कारण सगळे तेच विचारतात. हिशेब वहीत ठेवलाय. बायको बँकेत आहे, तिचा ॲपमधल्या आकड्यांवर विश्वास नाही. तिच्याच आग्रहावरून चार्जरला वेगळा सबमीटर लावला, आणि तिचं बरोबर निघालं. गाडीचा पडदा सांगतो की एका युनिटला सात किलोमीटर मिळतात. सबमीटरप्रमाणे सव्वासहाही मिळत नाहीत. भिंतीतून गाडीत जाताना वीज थोडी उष्णतेत जाते, ती पडदा मोजत नाही, बिल मोजतं. अकरा महिन्यांत घरी २,५८५ युनिटं भरली. घरचा वापर धरून आम्ही वरच्या स्लॅबमध्ये जातो, तरी सरासरी सव्वापाच रुपये पडले, म्हणजे साडेतेरा हजार. बाहेरच्या फास्ट चार्जरवर ३५० युनिटं, जीएसटी धरून बावीसच्या दरानं ७,७०० रुपये. एकूण २१,२००. किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत.

एवढंच अंतर चौदाचं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीनं कापलं असतं तर सव्वा लाख लागले असते. २०२५ मध्ये आपल्याकडे पेट्रोल ९६-९७ रुपये होतं. महाराष्ट्रातल्या बांद्याची माणसं पत्रादेवीची सीमा ओलांडून आपल्या पंपावर टाकी भरायला येतात, त्यामुळे महाराष्ट्रातला कुणी इलेक्ट्रिकच्या बचतीचा आकडा सांगेल तो गोव्यात तसाच्या तसा धरू नका. आपली बचत थोडी कमीच असते.

तर लाखाच्या वर वाचले. पण गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा साडेतीन लाखांनी महाग पडली. शिवाय चार्जरची वायरिंग, मंजूर लोड वाढवणं, अर्थिंग (बिघाड झाला तर वीज जमिनीत सोडणारी जोडणी), सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा) मिळून ३८ हजार. विम्यातही फसगत होते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे खरी, पण गाडीची किंमतच जास्त असल्यामुळे पूर्ण विम्याचा हप्ता नऊ हजारांनी वर गेला. हे सगळं धरून माझे जादा पैसे सुटायला पावणेचार वर्षं लागतील. रोज वीस किलोमीटर चालवणाऱ्याला अकरा वर्षं लागतील. त्यानं पेट्रोलच घ्यावी, उगीच पर्यावरणाच्या नावानं मनाची समजूत घालू नये. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. इलेक्ट्रिकवर पूर्वीही ५ होता, आताही ५ आहे. म्हणजे मी घेतली तेव्हापेक्षा किमतींतलं अंतर आज वाढलंय.

विक्रेत्यानं एक थाप मारली होती, तीही सांगून ठेवतो. “सर, कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात सूट.” आयकराच्या ८० ईईबी कलमाची ती सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. बायकोनं शोरूममध्येच हे सांगितल्यावर त्यानं लगेच फ्लोअर मॅट फुकट दिल्या.

रेंजचं म्हणाल तर गोव्यात तो विषय दोन आठवड्यांत संपतो. कागदावर साडेचारशेच्या वर लिहिलंय. मला गावातल्या आणि बोरीच्या ट्रॅफिकमध्ये ३२० ते ३३० मिळतात, हायवेला शंभराच्या वेगानं २६५. पण उत्तर-दक्षिण आपलं राज्यच मुळी १०५ किलोमीटर लांब. पेडण्याला लग्नाला जाऊन, मोपा विमानतळावर पाहुण्याला सोडून घरी परतलो तरी निम्मी बॅटरी शिल्लक असते. आठवड्यातून दोनदा रात्री केबल लावतो. एलएफपी असल्यानं आठवड्यात एकदा पूर्ण शंभर टक्के भरतो. या बॅटरीत खरं किती उरलंय हे गाडीला त्याशिवाय नीट कळत नाही.

चालवायला मजा येते, एवढ्यावर थांबतो. क्लच-गिअर नाही, बोरीच्या पुलावर रांगेत पाय दुखत नाही. एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. गावातल्या रस्त्यावर बसलेली गुरं उठतच नाहीत. त्यांना इंजिनाच्या आवाजाची सवय. आमची गाडी येऊन समोर उभी राहिली तरी रवंथ चालू. मोडणावर, म्हणजे वळणावर, हॉर्न देणं पूर्वी सवयीचं होतं, आता गरजेचं झालंय.

आता एप्रिल. पाच महिने सुरळीत गेल्यावर एका रात्री चार्जरवर लाल दिवा. सकाळी गाडी होती तिथेच, ३१ टक्क्यांवर. दुसऱ्या रात्री चालला, तिसऱ्या रात्री पुन्हा बंद. सर्व्हिस सेंटरनं गाडी ठेवून घेतली, त्यांच्याकडे ती व्यवस्थित चार्ज झाली. मग चार्जर बदलून दिला. नव्यावरही लाल दिवा. असे बारा दिवस गेले. मी कामावर स्कूटरनं जात होतो आणि सतरा लाखांची गाडी अंगणात तुळशीसमोर उभी.

शेवटी आमचा जुना वायरमन आला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर फरक नसावा, त्याच्या मीटरवर १९ दिसले. त्यानं वर न बघताच सांगितलं, “जमीन सुकल्या. अर्थिंग खंय मेळटलें?” (जमीन सुकलीय, अर्थिंग कुठून मिळणार?)

आमचं घर चिऱ्याच्या खडकावर आहे. पावसात हा चिरा पाणी पितो, दिवाळीपर्यंत ओलावा धरतो आणि चैत्र-वैशाखात भाजलेल्या विटेसारखा कोरडा होतो. कोरड्या जमिनीत वीज मुरत नाही. फ्रीज, पंखे, टीव्ही यांना त्याचं काही वाटत नाही, ते वर्षानुवर्षं तसेच चालतात. गाडीचा चार्जर मात्र दर वेळी आधी अर्थिंग तपासतो आणि पटलं नाही तर वीजच घेत नाही. म्हणजे बिघाड गाडीतही नव्हता आणि चार्जरमध्येही नव्हता. वडिलांनी घर बांधलं तेव्हापासून तो आमच्या पायाखाली होता. बिनधोक म्हणून आम्ही त्यात मुलं वाढवली, याचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

त्या दिवशी खड्ड्यात चार कळशा पाणी ओतलं आणि दिवा हिरवा झाला. पण रोज कोण ओतणार? वायरमननं परसात फिरून जागा शोधली ती माडाच्या मुळाशी. न्हाणीचं पाणी आजीच्या काळापासून त्या माडाला जातं, भर मे महिन्यातही तिथली माती ओली असते. तिथे चिरा फोडून आठ फूट खड्डा, तांब्याचा मुलामा दिलेली सळई, भोवती ओल धरणारी बेंटोनाइटची माती. तिथून चार्जरपर्यंत तांब्याची पट्टी ओढली. फरक दीड व्होल्टवर आला. त्यानंतर आजतागायत लाल दिवा पेटलेला नाही. सर्व्हिस सेंटरवर माझा राग एवढाच, की बारा दिवसांत त्यांच्यापैकी एकाही माणसानं घरी येऊन मीटर लावला नाही.

पावसाळ्याची भीती होती ती वेगळ्याच कारणानं खरी ठरली. पाण्याचं काही झालं नाही. बॅटरी पाणी शिरू नये अशी सीलबंद असते, तरी मी तुंबलेल्या रस्त्यात गाडी घातलेली नाही आणि घालणारही नाही. त्रास विजेचा. जून-जुलैत माडाचं झावळं तारेवर पडलं की वीज गेलीच. आली तरी संध्याकाळी व्होल्टेज इतकं खाली की चार्जर दर दहा मिनिटांनी थांबतो. म्हणून पावसाळ्यात सवय बदलली. बॅटरी साठ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि रात्री अकरानंतरच चार्जिंग लावायचं. परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की सर्ज प्रोटेक्टर असूनही केबल काढून ठेवतो.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. दुसऱ्या दिवशी घरात तीस माणसं, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधलेली, आरतीला घुमट-शामेळ घेऊन वाड्यावरची पोरं आलेली आणि संध्याकाळी सातला वीज गेली. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला होता. गाडीतून बाहेर वीज घेण्याचं सॉकेट मी तोवर एकदाही वापरलं नव्हतं. खिडकीतून एक्सटेंशन आत घेतलं आणि मखराचे दिवे, चार पंखे, फ्रीज चालू केला. गिझर आणि इस्त्रीला कुणी हात लावायचा नाही, असं बायकोनं बजावलं. वीज पहाटे सहाला आली. अकरा तासांत गाडीची बॅटरी आठ टक्क्यांनी उतरली होती, म्हणजे जेमतेम चार युनिटं. माझे थोरले काका या गाडीला वर्षभर खेळणं म्हणत होते, त्यांनी सकाळी तिच्या बॉनेटवर फूल ठेवलं. एक सांगून ठेवतो, अशी वीज थेट घराच्या सॉकेटमध्ये घुसवू नका. ती उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतू शकते. एक्सटेंशनवरच भागवा.

गोव्याबाहेर पडलो की खेळ बदलतो. फेब्रुवारीत आईला अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला नेलं, चोर्ल्यामार्गे. केरीपासून घाट सुरू झाला आणि पंधराएक किलोमीटरांत बॅटरी ११ टक्क्यांनी उतरली. माणसं-सामानासह दोन टनांची गाडी सातशे मीटर वर उचलायची म्हणजे नुसत्या उचलण्यालाच पावणेचार युनिटं लागतात, त्यामुळे तक्रार नाही. परतताना उतारावर त्यातले तीन टक्के मिळालेही, शिवाय ब्रेकला जवळपास पाय लावावा लागला नाही. घाटाचं मला भय नाही. भय वाटतं ते पुढच्या चार्जरचं.

बेळगावला दोन बंदुकांचा (गाडीत लावायच्या केबलींचा) चार्जर होता. एक बंद, दुसऱ्यावर टॅक्सी. टॅक्सीवाला शंभर टक्के भरूनच हलणार म्हणाला. ऐंशीनंतर चार्जिंगचा वेग कसा पडतो हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, पण त्याला पुढे हुबळीला जायचं होतं. चाळीस मिनिटं थांबलो. मग कळलं, या चार्जरचं ॲप वेगळं. ते उतरवलं, पाकिटात पाचशे भरले, पहिल्या खेपेला चार्जिंग सुरूच झालं नाही आणि पैसे मात्र गेले. ते नऊ दिवसांनी परत आले. आई गाडीत बसून जप करत होती. दीड तासानं म्हणाली, “पुता, पुढच्या वेळी आपण बसनं येऊया काय?” माझ्या फोनवर आज चार्जिंगची पाच ॲप्स आहेत आणि पाचांत मिळून साडेअकराशे रुपये अडकलेत. सुट्टीत पुणे-मुंबई वारंवार करणाऱ्यानं घरात दुसरी पेट्रोल गाडी ठेवावी. आमच्याकडे बायकोची जुनी हॅचबॅक आहे म्हणून चाललंय.

किरकोळ तक्रारी: मागचा कॅमेरा पावसात धुरकटतो, मोठा पडदा महिन्यातून एकदा गोठतो आणि दाराचा एक सेन्सर यायला पाच आठवडे लागले. नेहमीची सर्व्हिस मात्र स्वस्त, ऑइल-फिल्टर काहीच नसतं. पुढचे टायर १८ हजारांतच बरेच झिजलेत. वजन जास्त, ओढ जास्त, आणि खरं सांगायचं तर माझा पायही जास्त. एकदा गाडी बारा दिवस बंद उभी होती, तेव्हा मोठी बॅटरी ७० टक्के असूनही दारच उघडेना. आतली साधी बारा व्होल्टची बॅटरी बसली होती. आता कुठे लांब गेलो तर भावाला सांगून ठेवतो, दर चार दिवसांनी गाडी चालू कर.

माझा कंपनीतला एक सहकारी मडगावात फ्लॅटमध्ये राहतो. माझं पाहून त्यानंही हीच गाडी घेतली. मीटरचं पॅनेल इमारतीच्या एका टोकाला, त्याचं पार्किंग दुसऱ्या टोकाला. सोसायटीनं केबल ओढायला परवानगी द्यायला सात महिने लावले. तोवर तो बाहेरच चार्ज करत होता, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपये आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी चार्जरपाशी मोबाईल बघत बसणं. गाडी तीच, ऑफिस तेच, पण त्याला विचाराल तर तो घेऊ नका म्हणेल. मी घ्या म्हणेन. आम्ही दोघंही खोटं बोलत नाही.

आता मेव्हण्याला घ्यायची आहे. साखळीला त्याचं स्वतःचं घर, रोजचं येणं-जाणं सत्तर किलोमीटर. काल फोनवर पांढरा रंग घेऊ की निळा, म्हणून अर्धा तास खाल्ला. येत्या रविवारी वायरमनला घेऊन त्याच्याकडे जातोय. परसात माड आहे म्हणाला. न्हाणीचं पाणी कुठे जातं ते त्यालाही माहीत नाही.