फॉस्फॅटिडिक ॲसिड मोजायचा किट: सहा महिने वापरून आणि एकदा भांडून

फॉस्फॅटिडिक ॲसिड म्हणजे पीए, पेशीतलं एक लिपिड (स्निग्ध द्रव्य); ते किती आहे हे हा किट रंगावरून सांगतो. पहिलं सांगतो, डब्यावरचं '100 टेस्ट' वाचून हुरळू नका. स्टँडर्डचे (माहीत मात्रेचे) 8 पॉइंट डुप्लिकेटमध्ये, म्हणजे दोनदोनदा, तिथंच प्लेटमधले 16 वेल (छोटे खड्डे) गेले, आणि प्रत्येक सँपल लायपेज (पीए तोडून ग्लिसरॉल-3-फॉस्फेट सोडवणारं एन्झाइम) घालून एकदा, न घालता एकदा असं लावायला लागतंय कारण पेशीतलं आधीचं ग्लिसरॉल-3-फॉस्फेट वजा करायचं असतं, ते पण डुप्लिकेट, म्हणजे सँपलमागे 4 वेल. 96 वेलच्या प्लेटमधल्या राहिलेल्या 80 मध्ये बसली किती? 20 सँपल. आमच्याकडं बेळगावात कुंदा या मिठाईच्या डब्याचं वजन कुंद्यात धरतात तसला हिशेब हा.

माझी चिडचीड मात्र मार्चपासूनची. बंगळूरहून बर्फात निघालेला बॉक्स शनिवारी बेळगावात आला, कुरियरवाल्यानं दिला सोमवारी. लॅबमधल्या मदतनीस मामांनी उघडला तर जेल पॅक कोमट. पहिल्याच प्लेटला ब्लँक वेल गुलाबी! सँपल नाही, लायपेज नाही, तरी रंग. मी डीलरला फोन लावला, तो म्हणाला तुमच्या हाताळण्यात चूक असेल. पंधरा दिवस मेल चालले आमचे, एकदा तर मी त्याला 'तुमच्या किटपेक्षा खडेबाजारातला रंग बरा' असं पण लिहून बसलो.

मग आमच्या सीनियर अक्कांनी साधी गोष्ट विचारली, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलनं काढलेलं लिपिड वाळवून तू कशात विरघळवतोस? ट्रायटन एक्स-100 मध्ये, म्हणजे साबणासारख्या डिटर्जंटमध्ये. बाटली कधीची? 2014 ची. संपल्याशिवाय नवीन उघडायची नाही हा आमचा नियम, आणि तो मीच पाळतो. पण जुन्या ट्रायटनमध्ये पेरॉक्साइड साचतंय, आणि हा किट शेवटी मोजतो काय तर ग्लिसरॉल-3-फॉस्फेटपासून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइडच की! म्हणजे मी बाटलीचं वय मोजत होतो. नुसतं ट्रायटन, प्रोब (पेरॉक्साइड असलं की रंगणारं द्रव्य) आणि पेरॉक्सिडेज (त्याला रंगवणारं एन्झाइम) एका वेलमध्ये घातलं तर दहा मिनिटांत गुलाबी. नवी बाटली आणली, प्रोबच्या ट्यूबला फॉइल गुंडाळली (उजेडात ठेवलं तर तो आपला आपणच रंगतोय), ब्लँक खाली बसला. किट कोमट होऊनही नीट होता, बघा. डीलरला सॉरी म्हटलो नाही अजून, म्हणेन.

त्यानंतर मात्र मजा आली. पीएमए (पेशींना उत्तेजित करणारं रसायन) दिलेल्या पेशीत पीए वाढलेलं स्वच्छ दिसलं, आधी 1-ब्युटेनॉल दिलं की ते पडलं, तर्ट-ब्युटेनॉलनं काही फरक नाही, म्हणजे फॉस्फोलायपेज-डी या पीए बनवणाऱ्या एन्झाइममधूनच येतंय, कारण ते 1-ब्युटेनॉल घेऊन पीएऐवजी दुसरंच काही बनवतं, तर्ट-ब्युटेनॉल घेत नाही. रात्री साडेनऊला हे बघून मी एकटाच हसत बसलो होतो. कुठल्या फॅटी ॲसिडची साखळी ते मात्र कळत नाही, त्याला मास स्पेक (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) लागतं, ते आमच्या आवाक्यात नाही. आणि बफरमध्ये डीटीटी (एक रिड्युसिंग रसायन) नको हं, सिग्नल मरतोय.

परत त्या 100 वर येतो. आता अर्ध्या क्षेत्रफळाच्या काळ्या प्लेटमध्ये सगळं अर्ध्या व्हॉल्यूमनं लावतो, एका किटमधून 40 सँपल निघतात. तरी प्रोब आधी संपतो आणि लायपेज उरतं, उणे 20 मध्ये तीन अर्ध्या ट्यूबा पडून आहेत, टाकवत नाहीत. प्रोब थोडा जास्त दिला असता तर काय बिघडलं असतं यांचं?

2014 ची बाटली पण टाकली नाही. मामा तिनं काचेची भांडी घासतात, फेस चांगला येतोय म्हणे.