जोशुआ ट्री, रेड रॉक की इंडियन क्रीक? आधी तंबूची जागा बघा, कातळ नंतर

क्लाइंबिंग जिममध्ये वर्षभर चढून झालं, ग्रुपमधले दोघं लीड करायला, म्हणजे पुढे चढून दोर वर न्यायला, लागले, आता खऱ्या कातळावर जायचंय आणि रात्री तंबूतच राहायचंय, अशा टप्प्यावर आलात की अमेरिकेतली तीन नावं सारखी कानावर येतात. कॅलिफोर्नियातलं जोशुआ ट्री, लास वेगासच्या शेजारचं रेड रॉक कॅनियन आणि युटामधलं इंडियन क्रीक. तिन्ही पब्लिक लँड म्हणजे सरकारी जमीन, तिन्ही वाळवंटात, आणि तिन्हीकडे कातळ इतका की जन्म पुरायचा नाही. मग लोक काय करतात, रूट्सचे, म्हणजे कातळावर चढायच्या वाटांचे, व्हिडिओ बघतात आणि जो जास्त आवडला तिकडे गाडी वळवतात. मीही तेच केलं होतं.

शुक्रवारी ऑफिस करून निघालो आणि सातच्या पुढे जोशुआ ट्रीच्या हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडला पोचलो. तिथे ४४ साइट्स, बुकिंग नाही, जो आधी येईल त्याची जागा. काळोखात हेडलाइट लावून आम्ही हळूहळू लूपमधून फिरतोय आणि प्रत्येक नंबरच्या खांबाला पावतीचा कागद अडकवलेला, खांब आला की कागद, खांब आला की कागद, दोन फेऱ्या झाल्या तरी तेच. पार्कच्या आत रस्त्याकडेला गाडीत झोपायला परवानगी नाही. शेवटी पार्क आडवं ओलांडून दक्षिणेच्या गेटबाहेर बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सरकारी जमिनी बघणारं खातं) मोकळ्या जमिनीवर गेलो, तासाभराचं ड्रायव्हिंग, तिथे वारा असा की वाळूत ठोकलेली खुंटी हाताने उपटून निघत होती, मग तंबूचे दोर गाडीच्या चाकांना बांधले. सकाळी तोच रस्ता उलटा. पहिला रूट चढेपर्यंत अकरा वाजले. म्हणून म्हणतो, आधी झोपायचं कुठे ते ठरवा.

कारण पब्लिक लँड म्हणजे सगळीकडे एकच नियम असं नाहीये. जोशुआ ट्री हे नॅशनल पार्क, म्हणजे आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच गाडी लावून राहायचं, जंबो रॉक्स आणि इंडियन कोव्हसारखी मोठी कॅम्पग्राउंड्स ऑनलाइन बुक होतात, सहा महिने आधी विंडो उघडते आणि सीझनमधले वीकेंड भराभर जातात. रेड रॉक ही नॅशनल कन्झर्वेशन एरिया, बघते बीएलएम, पण ‘बीएलएम आहे म्हणजे कुठेही तंबू टाका’ हा गैरसमज इथे महाग पडतो. राहायचं ते व्हिजिटर सेंटरपासून दोनेक मैलांवरच्या कॅम्पग्राउंडमध्ये, आणि उन्हाळ्यात तेही बंद. इंडियन क्रीकची जमीनही बीएलएमचीच, आता बेअर्स इअर्स नॅशनल मॉन्युमेंटमध्ये येते, तिथे क्रीक पास्चर, सुपरबोल अशी साधी कॅम्पग्राउंड्स आहेत. बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर, जिथे मनाई नाही तिथे, साधारण नियम असा की एका ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. फुकट म्हणजे खरंच फुकट, आणि सोयही तेवढीच. शून्य.

पैशांचं पटकन सांगतो. जोशुआ ट्रीची एंट्री गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालते. वर्षाचा अमेरिका द ब्युटिफुल पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला, तो रेड रॉकलाही चालतो आणि गाडीतले सगळे त्यात येतात. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा २५० डॉलरचा पास आलाय, त्यामुळे भारतातून भाऊ-वहिनी आले असतील तर पास ज्याच्या नावावर आहे तो माणूस गाडीत हवा. कॅम्पिंगचे पैसे पासात नसतात, ते वेगळे.

रेड रॉकची खरी कटकट गेटची. १३ मैलांचा वन-वे सीनिक लूप आहे, आणि १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी आठ ते संध्याकाळी पाचच्या मध्ये आत जायचं तर टाइम्ड एंट्री आधी बुक करावी लागते, २ डॉलर. क्लाइंबर लोक सरळ सहाला गेट उघडतानाच आत शिरतात, तुम्हीही तेच करा. वन-वे म्हणजे कॅलिको हिल्स या चढायच्या भागाचा थांबा बोलता बोलता मागे पडला तर अख्खा लूप फिरून परत रांगेत. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी गेट संध्याकाळी पाचला बंद! लांबलचक मल्टी-पिच, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढायचा उंच रूट, करायचा बेत असेल तर लेट एक्झिट परमिट आधी काढून ठेवा, नाहीतर खाली उतरेपर्यंत काचेवर दंडाची पावती.

आता कातळ. जोशुआ ट्रीचा दगड ग्रॅनाइटच्या जातीतला, मॉन्झोग्रॅनाइट, मोठमोठ्या दाण्यांचा, पॉलिश पेपरवर हात फिरवावा तसा. बूट घट्ट धरतो पण दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं गुलाबी होतात आणि कॉफीचा मग धरला तरी चुरचुरतं. रूट्स बहुतेक छोटे, पण जवळपास सगळं ट्रॅड, म्हणजे भेगांमध्ये स्वतःचं गियर अडकवत चढायचं, कातळात कायमचे मारलेले बोल्ट कमी आणि लांब लांब. ग्रेड, म्हणजे रूट किती अवघड ते सांगणारे आकडे (५.८ पेक्षा ५.१० अवघड), जुन्या काळातले, कंजूष. जिममध्ये ५.१० सहज चढणारा माणूस इथल्या ५.८ वर पाय थरथरत उभा राहिलेला मी बघितलाय, म्हणजे मीच होतो तो. टॉप रोप, म्हणजे वरून खाली सोडलेला दोर, लावायचा म्हटलं तरी वरती तो बांधायला तयार अँकर बऱ्याच ठिकाणी नसतो, स्वतःचं गियर आणि लांब स्टॅटिक रोप घेऊन अँकर बांधता यायला पाहिजे. हे येणारा एकही माणूस ग्रुपमध्ये नसेल तर गाईड करा किंवा जोशुआ ट्री पुढच्या वर्षावर टाका.

रेड रॉकचा दगड सँडस्टोन. कॅलिको हिल्सच्या भागात बोल्ट मारलेले स्पोर्ट रूट्स भरपूर, क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवायच्या जोडकड्या) आणि रोप घेऊन जिमवाला माणूस पहिल्याच दिवशी चढू शकतो. आणि ट्रॅड येणाऱ्याला आत दऱ्यांमध्ये ‘कॅट इन द हॅट’, ‘सोलर स्लॅब’ असे ५.६ चे उंच रूट्स आहेत, अवघड नाहीत पण दिवस खातात.

इंडियन क्रीक म्हणजे वेगळंच प्रकरण. विंगेट सँडस्टोनच्या सरळसोट भिंती आणि त्यात सुरीने कापल्यासारख्या समांतर भेगा, खालपासून वरपर्यंत एकाच रुंदीच्या. धरायला बाकी काहीच नाही. पंजा भेगेत घालायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा, तळवा फुगून दोन्ही बाजूंना दाबला जातो आणि त्यावर लटकायचं. पहिल्यांदा करताना हे आपल्या हाताला जमेल असं वाटतच नाही. त्यासाठी पंजाला टेप गुंडाळून ग्लोव्हज करतात, संध्याकाळी ती टेप सोलताना मनगटावरचे केसही जातात. भेग एकाच रुंदीची म्हणजे कॅमही (भेगेत फसवून त्यात दोर अडकवायचं स्प्रिंगचं गियर) एकाच साइजचे पाच-सहा लागतात, कधी त्याहून जास्त, आणि एकेक कॅम ८० डॉलरच्या आसपास, म्हणून तिथे चार ग्रुप गियर एकत्र करून चढतात. ५.१० च्या खालचं फार थोडं. मार्चपासून उन्हाळा संपेपर्यंत काही भिंतींवर ससाण्यांची घरटी असतात म्हणून तिकडे जाऊ नका असं सांगितलेलं असतं, जायच्या आधी यादी बघा.

पावसाचा अंदाज असेल तर मात्र तुलना संपलीच. सँडस्टोन पाणी पितो आणि ओला असताना ठिसूळ होतो, होल्ड म्हणजे धरायच्या खाचा तुटून हातात येतात, कॅम उखडतात, आणि शंभर जणांनी जपलेला रूट कायमचा बिघडतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, त्यामुळे २४ ते ७२ तास थांबायचं, हे रेड रॉकला आणि इंडियन क्रीकला दोन्हीकडे. तीन दिवसांची सुट्टी असेल तर तीनही दिवस पत्ते खेळा. जोशुआ ट्रीचा दगड वाळला की चालू. गुरुवारी अंदाज बघून शुक्रवारी जागा बदलायची मुभा ज्याला आहे तो सुखी.

पाणी आणि बाकीचं. हिडन व्हॅलीला पाणी नाही, जंबो रॉक्सला नाही, इंडियन क्रीकला नाही. चढणार असाल तर माणशी दिवसाला दोन गॅलन धरा, म्हणजे चौघं तीन दिवस तर २४ गॅलन, गाडीची डिकी त्यातच निम्मी भरते आणि कुणीतरी ‘एवढं कशाला’ म्हणतोच, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. रेड रॉकच्या कॅम्पग्राउंडला नळ आहेत. इंडियन क्रीकहून काहीही विसरलं तर मोआब तासाभराहून लांब आणि फोनला रेंज नाही. वॅग बॅग सोबत न्या, म्हणजे आपलं आपण पिशवीत बांधून परत आणायचं, वाळवंटात पुरलेलं लवकर कुजत नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर नाक मुरडतं सगळ्यांचंच, पण ज्या भिंतीखाली रोज पन्नास जण येतात तिथे दगडामागचे पांढरे कागद एकदा बघितलेत की मुकाट्याने पिशवी घ्याल. कॅलिफोर्नियात कॅम्पग्राउंड सोडून मोकळ्या जमिनीवर शेकोटी किंवा गॅस स्टोव्ह पेटवायला कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं.

मला विचाराल तर जिममधून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्यांनी रेड रॉक करावं, गेटची कटकट सोसून. न चढणारे कुणी सोबत असतील, आई-बाबा असतील, तरी रेड रॉकच, त्यांना वेगासला हॉटेलात ठेवता येतं आणि ते अर्ध्या तासावर असतात. ग्रुपमध्ये एक जण ट्रॅड नीट येणारा असेल तर जोशुआ ट्री, कारण तंबूतून बाहेर पडून चहा हातात घेऊन हिडन व्हॅलीशेजारच्या इंटरसेक्शन रॉक या कातळाच्या पायथ्याशी चालत जायचं, हे बाकी दोन्हीकडे नाही. पण बुकिंग मिळालं तरच, किंवा मग रजा टाकून मंगळवार-बुधवारी जा आणि सकाळी दहाच्या सुमारास हिडन व्हॅलीत शिरा, त्या वेळी लोक तंबू आवरत असतात, कोण निघतंय ते सरळ विचारायचं, त्यांची गाडी हलेपर्यंत शेजारी थांबायचं. इंडियन क्रीक कुणी गियरवाला ओळखीचा असेल आणि हातात पाच दिवस असतील तेव्हा.