सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी चिप बघा, नावावर जाऊ नका

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्यायचा विचार असेल, त्यातही एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमचे साडेसहा हजार नकली कार्डात अडकलेत आणि ऐन लग्नसराईत काम खोळंबलं ते वेगळंच. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी सांगलीत घरूनच एडिटिंग करते, शूटिंग माझे दीर करतात. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग असली कामं. पीसी जुना आहे, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पण कॅमेऱ्याचं फुटेज त्यावर इतकी वर्षं नीट चालत होतं. गडबड सुरू झाली ती भाऊजी हळदीचे शॉट नवीन फोनवर फोरकेमध्ये घ्यायला लागल्यापासून. त्या क्लिप टाइमलाइनवर टाकल्या की आवाज पुढं जायचा आणि चित्र जागीच, म्हणजे नवरीच्या गालाला हळद लावायला उचललेला हात तिथंच थांबलेला आणि मागं हलगी वाजतेच आहे. एक्सपोर्टला लावलं की रात्र जायची.

म्हणून सीपीयू उचलून दुकानात नेला. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यानं एक क्लिप लावली, जेमतेम काही सेकंद बघितली आणि म्हणाला, "ताई, ह्याला कार्डच नाही, ऑनबोर्डवर फोरके कुठं चालतंय होय? टेन फिफ्टी टीआय टाका, फोर जीबी, मक्खन चालतंय बघा." फाइल कुठल्या कोडेकची आहे (म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीनं दाबून साठवलाय), फोनची आहे का कॅमेऱ्याची, काही विचारलं नाही. प्रोसेसरवर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजरसुद्धा उघडला नाही. बिल मागितलं तर सेकंडहँड मालाला बिल नसतं म्हणाला, महिन्याची टेस्टिंग वॉरंटी तोंडी दिली. आणि निघताना परत परत एक गोष्ट सांगितली ती शब्दशः लिहिते कारण सगळी फसवणूक त्या एका वाक्यात आहे: "ताई, ड्रायव्हर मी टाकून दिलाय, अपडेट मारू नका, अपडेट मारलं की कार्ड उडतं, मग माझी जबाबदारी नाही."

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर. कुठलाही दुकानदार ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करू नका म्हणाला की तिथूनच परत फिरा. खरं कार्ड ड्रायव्हर अपडेट केल्यानं उडत नाही.

घरी आल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर दिसत होतं, जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. पण काम आधीपेक्षा वाईट. फोनच्या क्लिप अडकतच होत्या, वर आता कॅमेऱ्याच्या साध्या क्लिपपण अडकायला लागल्या, ज्या काल-परवापर्यंत पळत होत्या. प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की व्हिडिओ ड्रायव्हर चालणारा नाही अशी वॉर्निंग, आणि प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडररच्या जागी कूडा (एनव्हिडिया कार्डाकडून काम करून घ्यायचा पर्याय) दिसतच नाही. एक्सपोर्ट थोडं पुढं गेलं की स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी चौकटी यायच्या आणि मशीन काळं पडायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारावं लागेल, आठशे रुपये.

फॉरमॅटला न देता मिरजेतल्या ओळखीच्या एका हार्डवेअरवाल्या मुलाला घरी बोलावलं. त्यानं एनव्हिडियाच्या साइटवरून १०५० टीआयचा ड्रायव्हर उतरवला, इन्स्टॉल करायला गेला तर इन्स्टॉलरच सांगतोय की या मशीनमध्ये जुळणारं हार्डवेअर नाही. मग त्यानं जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाच्या आधी चौकटी कंसात इंग्रजीत चक्क 'फेक' असं लिहून आलं. माझा विश्वास बसेना म्हणून त्यानं कार्ड काढून वरचा पंखा-हीटसिंक उतरवला, जुनी पेस्ट पुसली आणि चिपवर कोरलेलं मला मोबाइलच्या टॉर्चमध्ये दाखवलं, जीएफ १०६. ही चिप जीटीएस ४५० या कार्डाची, म्हणजे २०१० सालची.

आता हे करतात कसं ते समजून घ्या. प्रत्येक कार्डावर बायोस नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर भरलेलं असतं, कार्डाचं नाव काय, मेमरी किती हे विंडोजला तेच सांगतं. जुनं भंगारात गेलेलं कार्ड घ्यायचं, त्याच्या बायोसमध्ये नवीन नाव आणि जास्त मेमरी लिहायची, वर नवीन स्टिकर, झालं. त्यामुळं डिव्हाइस मॅनेजर उघडून "बघा ताई, नाव आलं" म्हणून दाखवतात तो पुरावाच नाही, ते नाव त्यांनीच किंवा त्यांना विकणाऱ्यानं लिहिलेलं असतं. पण चिप बदलता येत नाही. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी १०७ चिप, ७६८ शेडर (चिपमधले चित्राचं काम करणारे बारीक भाग), १४ नॅनोमीटर (चिप किती बारीक बनवलीय त्याचं माप, कमी म्हणजे नवी), कार्ड बाजारात आलं २०१६ मध्ये. आमच्यातल्या चिपला शेडर १९२ आणि ती ४० नॅनोमीटरची. मेमरी खरी किती होती देव जाणे पण ४ जीबी नव्हती, म्हणूनच एक्सपोर्टमध्ये मेमरी भरत आली की चौकटी येऊन मशीन बंद पडायचं. आणि ड्रायव्हर अपडेट का करू द्यायचा नव्हता तेही कळलं, या जुन्या फर्मी घराण्याच्या चिपांना एनव्हिडियानं २०१८ मध्येच नवीन ड्रायव्हर देणं थांबवलंय, दुकानदाराचा तो जुना छेडछाड केलेला ड्रायव्हर गेला की बिंग फुटतं. व्हिडिओच्या कामाला तर हे कार्ड निव्वळ ओझं आहे, त्यात एनव्हिडियाचा हार्डवेअर एन्कोडर (एक्सपोर्ट जोरात करणारा भाग) नाही (तो २०१२ पासूनच्या कार्डांत आला) आणि एचईव्हीसी, म्हणजे नवीन फोनच्या व्हिडिओचं कोडेक, उलगडायची सोयही नाही.

साध्या क्लिप का अडकायला लागल्या तेही त्या मुलानं दाखवलं. प्रोसेसरमध्ये इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स असतं, एच २६४ चं, म्हणजे कॅमेऱ्याच्या क्लिपच्या जुन्या कोडेकचं, काम इतके दिवस तेच करत होतं. वेगळं कार्ड बसवल्यावर आमच्या मदरबोर्डनं ते बंद करून टाकलं. म्हणजे पैसे देऊन होतं ते पण घालवलं. सगळ्यात जास्त राग मला याचा आला.

दुकानात उभ्या उभ्या बघण्यासारखी एक खूण सांगते. कार्डाच्या मागं मॉनिटरची वायर लावायची जागा असते तिथं निळं व्हीजीए पोर्ट आहे का बघा. १०५० टीआयच्या पिढीपासून अॅनालॉग आउटपुट काढून टाकलेलं आहे, त्यामुळं १०५० टीआय म्हणून देतायत आणि निळं पोर्ट आहे तर हातपण लावू नका. आमच्या कार्डाला होतं. वेगळी सहा पिनची पॉवर वायर लागते का हेही बघा, पण खऱ्या १०५० टीआयच्या काही मॉडेलना ती असते, म्हणून तेवढ्यावरून ठरवू नका. पक्की खात्री जीपीयू-झेडनं होते, पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि दुकानदाराच्याच मशीनवर चालवा. २०१८ पासूनच्या व्हर्जनमध्ये असली बरीच नकली कार्डं तो स्वतःच ओळखतो. तसं काही लिहून नाही आलं तरी चिपचं नाव आणि शेडरचा आकडा खऱ्या कार्डाशी ताडून बघा. चालवू देत नसेल तर सरळ उठून या.

आणि मुळात आम्हाला कार्ड लागतच नव्हतं! व्हीएलसी प्लेअरमध्ये क्लिप लावून कंट्रोल आणि इंग्रजी J ही बटणं एकत्र दाबली की कोडेकची माहिती येते, तिथं एचईव्हीसी लिहिलेलं होतं. फोनवाले जागा वाचावी म्हणून याच्यात रेकॉर्ड करतात, आयफोन तर २०१७ पासून. चौथ्या जनरेशनच्या इंटेलला हे हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर, टास्क मॅनेजरमध्ये शंभर टक्के दिसतो. उपाय फुकटचा आहे. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या क्लिप रात्री एच २६४ करायला टाकायच्या, फ्रेम रेट कॉन्स्टंट ठेवायचा कारण फोनचा फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो आणि त्यानं ओठ आणि आवाज जुळत नाहीत, किंवा प्रीमियरमध्येच ७२० च्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, करून घ्यायच्या. पुढच्या शूटसाठी आयफोन असेल तर सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कंपॅटिबल. ते कार्ड काढून, प्रोसेसरमधलं ऑनबोर्ड ग्राफिक्स परत चालू करून प्रॉक्सीवर अख्खं लग्न याच पीसीवर पूर्ण केलं. फायनल एक्सपोर्टला वेळ लागतो, पण होतं.

दुकानदार आता म्हणतो मलाच पुढून असं आलं, मला काय माहीत. माहीत नव्हतं तर ड्रायव्हर अपडेट करू नका हे कशासाठी सांगितलं? आधी कार्ड आणून द्या, मग पैशाचं बघू म्हणतोय. कार्ड आम्ही देत नाही, पुरावा तोच आहे. कोणावर अशी वेळ आली तर तुम्हीपण पैसे हातात पडेपर्यंत देऊ नका, चिपचा फोटो, जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सअॅपवर त्यानं मॉडेलचं नाव लिहून पाठवलेलं असेल तर ते चॅट जपून ठेवा. बिल नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही, पैसे दिल्याचा पुरावा असला तरी चालतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, मराठीत बोलता येतं. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही आणि २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आम्ही १९१५ वर नोंदवली आहे, आयोगाचे कागद तयार करायला घेतलेत. याच भागात कोणाला असंच कार्ड विकलं गेलं असेल तर आधी पंखा उतरवून चिपचा फोटो काढून ठेवा, आणि तुम्हीपण तक्रार टाका.