छंदाच्या गटात राजकारण: सरसकट बंदी बरी की वेगळी खोली?

छंदाच्या गटात राजकारण शिरणार, हे धरूनच चालावं. माणसं तीच असतात, फोन तोच असतो आणि एखादा फॉरवर्ड चुकून का होईना येतोच. नव्या अ‍ॅडमिनपुढे मग दोन वाटा असतात. एक, राजकारणाला सरसकट बंदी. दोन, 'अवांतर' किंवा 'कट्टा' अशा नावाची वेगळी खोली काढून द्यायची आणि सांगायचं, काय ते तिकडे. 'आपण सगळे सुज्ञ आहोत' ही तिसरी वाट मी इथे धरत नाही. ती निवडावी लागत नाही, काहीच केलं नाही की आपोआप मिळते.

मी पक्षीनिरीक्षकांचा गट सांभाळतो आणि दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या आहेत. त्यामुळे खालचं सगळं अनुभवाचं आहे, मोजमापाचं नाही. तुमचा गट वेगळा असेल तर तेवढी सूट धरून वाचा.

वेगळ्या खोलीची कल्पना जुनी आणि प्रतिष्ठित आहे. युजनेट या वेबच्या आधीच्या चर्चाजाळ्यावर १९८६-८७च्या सुमारास चर्चागटांची फेररचना झाली, तेव्हा छंद आणि करमणुकीला 'रेक' हा विभाग मिळाला, आणि ज्यावर तासन् तास भांडता येईल अशा विषयांना 'टॉक'. आता तर हे चुटकीसरशी होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी (एका छत्राखाली अनेक गट) आणि टेलिग्रामवर टॉपिक (एकाच गटात विषयवार कप्पे), दोन्ही २०२२ साली आले. फायदाही खरा आहे. 'हे काढा' म्हणण्यापेक्षा 'हे पलीकडे न्या' म्हणणं अ‍ॅडमिनला सोपं जातं, समोरच्याचा अपमान होत नाही, मुस्कटदाबीचा आरोप होत नाही. मुख्य खोली खरोखर स्वच्छ राहते. नुसतं तेवढंच पाहायचं असेल तर ही पद्धत जिंकते.

माझं मन फिरलं ते एका गोष्टीने.

मादी भोवत्या (हा एक शिकारी पक्षी) ओळखणं किती किचकट असतं ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. पांढुरका भोवत्या की मॉन्टेग्यूचा, हे बरेचदा कानामागच्या फिकट कॉलरवर आणि मानेच्या बाजूच्या गडद पट्ट्यावर ठरतं, आणि फोटो हवा तसा कधीच नसतो. आमच्या गटात हे पटकन सांगू शकेल असा एकच सदस्य. एका नवख्याने असाच उडत्या भोवत्याचा, जरा हललेला फोटो टाकून विचारलं. या जाणकाराने तो पाहिला, कारण दोन निळ्या टिकांच्या यादीत त्याचं नाव दिसत होतं. उत्तर नाही. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी टाकलेल्या तुतवाराला मात्र दोन परिच्छेदांचं उत्तर. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आदल्या आठवड्यात हे दोघे 'कट्ट्या'वर एकमेकांना भिडले होते.

भांडण मुख्य खोलीत एका शब्दानेही आलं नव्हतं. नियम कोणी मोडला नव्हता. मी कोणाला काय सांगणार? 'उत्तर का दिलं नाहीस' असं विचारता येत नाही. आणि एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं: अमक्याच्या फोटोला तमक्याचा अंगठा नाही, सकाळच्या फेरीला कोण कोणाच्या गाडीत बसायचं टाळतो. खोली वेगळी केली तरी माणसं दोन्हीकडे तीच असतात. छंदाच्या गटाची गंमत अशी की तिथे माणूस त्याच्या छंदापुरताच कळतो. हा रात्रीच्या पक्ष्यांचा, ती आवाज ओळखणारी, तो दरवर्षी नोंदवही पूर्ण भरणारा. बाकीचं माहीत नसणं हीच त्या गटाची मोठी सोय. वेगळी खोली ती सोय काढून घेते, आणि तीही अ‍ॅडमिनच्या हस्ते.

शिवाय ती खोलीही सांभाळावी लागते. 'तिकडे काहीही चालेल' असं म्हणून भागत नाही. रात्री अकराला तक्रारी तिथल्याच येतात.

आता बंदी. तीही काही सुखाची नाही. पहिला आक्षेप ठरलेला: 'हे राजकारण नाही, ही वस्तुस्थिती आहे.' दुसरा आक्षेप खरा आहे. पाणथळ जागेवर भराव पडतोय, माळावरून उच्चदाबाच्या तारा जाणार आहेत, पवनचक्क्या कुठे असाव्यात, हे पक्षीनिरीक्षकांनी बोलायचं नाही तर कोणी? सरसकट बंदी शब्दशः लावली तर गट निव्वळ फोटोंचा अल्बम होतो. आम्ही यासाठी एक ओबडधोबड चाचणी ठेवली आहे. मेसेजमधून पक्ष आणि नेते यांची नावं काढून टाका. उरलेला मजकूर अजून काही सांगत असेल तर राहू द्या, नाहीतर काढा. भरावाची बातमी, हरकत नोंदवायची मुदत, कोणत्या कार्यालयात अर्ज द्यायचा, हे सगळं या चाचणीत टिकतं. 'यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती' हे टिकत नाही. चाचणी अचूक नाही, पण वाद दहापैकी नऊ वेळा तरी दोन मिनिटांत मिटतो, आणि अ‍ॅडमिनला कोणाच्या मताबद्दल मत द्यावं लागत नाही.

असे नियम चालतात याला दाखलेही आहेत. फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या १७२३च्या नियमांत धर्म, राष्ट्र आणि राज्यकारभार यांवरची भांडणं लॉजच्या, म्हणजे त्यांच्या सभेच्या जागेच्या, दाराबाहेर ठेवायला सांगितलं आहे. हौशी रेडिओवाल्यांच्या शिष्टाचारातही राजकारण आणि धर्म हवेवर टाळण्याचे विषय आहेत, आणि त्यांचा तर छंदच बोलण्याचा!

रॅव्हेलरी या विणकामाच्या संकेतस्थळाने जून २०१९मध्ये ट्रम्प आणि त्यांच्या प्रशासनाच्या उघड समर्थनावर बंदी घातली, त्याचं उदाहरण या चर्चेत हमखास दिलं जातं. ते इथे लागू करू नका. ती विषयाला बंदी नव्हती, एका बाजूला होती. असा निर्णय घ्यायचा तर तो तसाच सांगून घ्यावा, 'अवांतर नको' या नियमाच्या आडून नको.

बंदी निवडलीत तर दोन बारीक गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनने मेसेज काढला की तिथे तसा ठसा राहतो, आणि मग 'काय होतं, काय होतं' सुरू होतं. म्हणून आधी खाजगीत कळवावं आणि ज्याचा त्याला काढू द्यावा. 'दादा, तेवढा कट्ट्यासारखा मेसेज काढता का' एवढं पुरतं. आणि निकालाच्या दिवशी गट सरळ 'फक्त अ‍ॅडमिन' करून ठेवावा. पक्षी दुसऱ्या दिवशीही असतात. तिसरं सांगायला जरा अवघड आहे: आपल्याला पटलेला विनोद सगळ्यात आधी काढावा लागतो. तो राहिला की नियम संपला.

वेगळी खोली कोणाला शोभेल? जिथे सगळे आधीपासून एकमेकांचे मित्र आहेत, भांडून पुन्हा चहा पितात, अशा लहान गटाला. किंवा जुनी नाणी, टपाल तिकिटं अशा छंदांना, जिथे वस्तूवरच राजा किंवा राष्ट्राध्यक्ष छापलेला असतो आणि नावं काढली तर बोलायला काही उरत नाही. अनोळखी लोकांचा, वाढता, शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा गट असेल तर मी तरी बंदीच सुचवेन.

खोली आधीच उघडलेली असेल तर निवडणुकीच्या तोंडावर बंद करू नका. ज्याची बाजू त्या दिवशी मागे असेल त्याला तो कट वाटणारच. एखादा निवांत महिना बघा आणि आठवडाभर आधी सांगा. ज्यांना ती हवीच आहे त्यांना त्यांचा स्वतंत्र गट काढू द्या: अ‍ॅडमिन त्यांचाच, आपल्या कम्युनिटीला जोडलेला नको, आणि आपल्या गटाचं नाव त्याला अजिबात नको.